चित्रांचा क्रम आणि चित्रांची वेळ

आजचा विषय वरवर संगणकाचा वाटेल. एका फोल्डरमध्ये ओळीनं शेकडो छायाचित्रं आहेत. प्रत्येकाची वेळ काढून तक्त्यात मांडणारी स्क्रिप्ट लिहायची. काम दहा-पंधरा ओळींचं. पण त्यामागचा प्रश्न जुना आहे, आणि तो दादरमध्ये शंभर वर्षांपूर्वीच उभा राहिला होता. चित्रांचा क्रम कळला, म्हणजे वेळ कळली का?

१९१२ साली दादासाहेब फाळके लंडनहून विल्यम्सन कॅमेरा घेऊन आले. भांडवल देणाऱ्यांना या यंत्राची करामत पटावी म्हणून त्यांनी दादरच्या घरी कुंडीत वाटाणे पेरले आणि समोर कॅमेरा ठेवून वेलाची वाढ टिपली. तीच 'अंकुराची वाढ'. त्यानंतरच 'राजा हरिश्चंद्र' उभा राहिला आणि ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला.

या लघुपटाबद्दल दोन गोष्टी नेहमी सांगितल्या जातात: महिनाभर रोज एक चौकट घेतली, आणि चित्रपट मिनिटभराचा झाला. आता हिशेब करा. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण १६ चौकटी धावत. तीस दिवसांच्या तीस चौकटी म्हणजे दोन सेकंदसुद्धा नाहीत! मिनिटभरासाठी ९६० चौकटी लागतील, म्हणजे रोज ३२. दोन्ही विधानं जशीच्या तशी एकत्र नांदू शकत नाहीत. फितीवर क्रम असतो. दोन चौकटींमध्ये तास गेला की दिवस, हे फीत सांगत नाही. ते वहीत लिहून ठेवावं लागतं.

डिजिटल कॅमेऱ्यानं ती वही चित्राच्या पोटातच ठेवली. १९९५ मध्ये आलेल्या एक्झिफ या मानकानुसार कॅमेरा छायाचित्र घेतल्याची वेळ फाइलमध्येच नोंदवतो. पण संगणकाकडे दुसरी एक वेळ असते, फाइल शेवटची बदलल्याची. तिचं नातं टपालाच्या शिक्क्याशी आहे. शिक्का पत्र कधी टपालात पडलं ते सांगतो, कधी लिहिलं ते नाही. फाइल नुसती इकडून तिकडे नेली, तरी हा शिक्का बदलू शकतो.

आणखी एक गुंता आहे. १ जानेवारी १९०६ पासून देशात प्रमाणवेळ आली, पण मुंबईत ती सहजी रुजली नाही. गिरणी कामगारांनी विरोध केला, नगरपालिकेनं आपली घड्याळं ३९ मिनिटं मागे असलेल्या मुंबई वेळेवरच ठेवली. म्हणजे १९१२ च्या मुंबईत कुणी 'सकाळी दहा' लिहिलं, तर विचारायला हवं, कुणाचे दहा? गंमत म्हणजे एक्झिफमध्येही घड्याळ कोणत्या प्रदेशाचं, हे लिहायची जागा २०१६ पर्यंत नव्हती.

हे सगळं आज कशाला? कारण लालबाग-परळच्या घराघरांतल्या जुन्या अल्बमांचं आता स्कॅनिंग होतंय. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपातल्या मोर्चाचा फोटो समजा आज स्कॅन केला, आणि गिरणीची चिमणी पाडतानाचा फोटो पाच वर्षांपूर्वीच स्कॅन झालेला आहे. स्क्रिप्टनं फाइलचा शिक्का प्रमाण मानला, की आधी चिमणी पडते आणि मग मोर्चा निघतो! यंत्र खोटं बोलत नाही. आपण त्याला भलताच प्रश्न विचारलेला असतो.

म्हणून स्क्रिप्ट लिहिणाऱ्यानं चार पथ्यं पाळावीत. आधी मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवावी. वेळ एक्झिफमधून घ्यावी. ती नसेल, तर फाइलची वेळ गुपचूप त्या रकान्यात भरू नये. वेगळ्या रकान्यात, 'फाइलची वेळ' असं स्पष्ट लिहून ठेवावी. आणि लागोपाठच्या दोन चित्रांतलं अंतर काढावं. दर दहा मिनिटांच्या मालिकेत एकदम चाळीस मिनिटं दिसली, की तिथं चित्रं गहाळ आहेत किंवा घड्याळ बदललंय. स्कॅन केलेल्या फोटोची खरी वेळ मात्र फोटोच्या पाठीवरच्या पेन्सिलीच्या अक्षरांत किंवा घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत असते. तिच्यासाठीही तक्त्यात एक रकाना हवा.

तत्त्वज्ञानात आपण साक्ष आणि साक्षीदार वेगळे धरतो. वेळेच्या शिक्क्यालाही तोच नियम लावा. तो काय सांगतो हे वाचण्याआधी, तो कुणी मारला ते विचारा.