नुसते ओठ हलव!

दोन वर्षांमागे घरच्या मंडळींसोबत उज्जैनला महाकालाच्या दर्शनाला गेलो होतो. आमच्या गोव्याचे आणि त्या गावाचे नाते तसे जुने. महाकालाचे आजचे मंदिर अठराव्या शतकात नव्याने बांधून घेतले ते राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी सुखटणकर यांनी. पुढे महादजींच्या फौजेत नाव कमावलेले जिवबादादा केरकर तर आपल्या पेडण्यातल्या केरीचे. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला हलवली, पण उज्जैन त्यांच्याच राज्यात राहिले आणि मराठी घरेही तिथे राहिली.

संध्याकाळी लॉजकडे परतताना एका शाळेच्या खिडकीतून सूर ऐकू आले. वीसेक मुले-मुली मिळून भूपाचे आरोह-अवरोह म्हणत होती. फळ्यावर खडूने स्वर लिहिलेले. एका मुलाचा सूर सारखा घसरत होता. बाईंनी त्याला उठवले. मला वाटले, आता बाहेर काढणार. पण त्यांनी त्याला पहिल्या रांगेत, पेटीच्या अगदी जवळ आणून बसवले आणि पुन्हा सगळ्यांकडून म्हणून घेतले.

मी तिथेच थबकलो, कारण मला माझी शाळा आठवली. स्नेहसंमेलनाच्या समूहगीतात मी शेवटच्या रांगेत होतो. गुरुजींनी माझ्याजवळ येऊन हळूच सांगितले, "तू नुसते ओठ हलव." संमेलन संपेपर्यंत मी ओठ हलवले आणि त्यानंतर गाणे हा आपला प्रांत नाही, असे मनाशी ठरवून टाकले.

शाळेच्या वर्गात वीस मुलांनी मिळून राग शिकावा, ही गोष्ट आज साधी वाटते. शंभर-सव्वाशे वर्षांमागे ती साधी नव्हती. त्या काळी ख्याल शिकायचा म्हणजे ग्वाल्हेर गाठायचे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर तिथे वासुदेवबुवा जोशींकडे शिकले. आपल्या शेजारच्या सावंतवाडीकडचे रामकृष्णबुवा वझे निसार हुसेन खाँसाहेबांकडे शिकले, तेही अन्नान्न दशा सोसून. याच वझेबुवांकडे पुढे मंगेशीचे मास्टर दीनानाथ शिकले, म्हणजे ग्वाल्हेरच्या विद्येचा एक झरा थेट आपल्या अंगणात आला. पण ही विद्या मिळे ती गुरूची सेवा करून, त्याची मर्जी राखून. कोणाला काय आणि किती द्यायचे, हे गुरू ठरवी.

हे चित्र बदलायला निघालेला माणूस पेशाने वकील होता. विष्णु नारायण भातखंडे तरुणपणी मुंबईच्या पारशी गायन उत्तेजक मंडळीत जात. हा हौशी लोकांचा क्लब. दिवसभर आपापला धंदा करायचा आणि फावल्या वेळी गाणे ऐकायचे, शिकायचे. गाणे हे पोटापाण्याखेरीजही करता येते आणि चार जणांत बसून शिकता येते, हे त्यांनी तिथे पाहिले. माझ्यासारख्या कारकुनाला ही गोष्ट फार जवळची वाटते!

माधवराव शिंद्यांनी भातखंड्यांना हाताशी धरले. ग्वाल्हेरच्या काही गायकांना नवी पद्धत शिकायला मुंबईला पाठवण्यात आले आणि जानेवारी १९१८ मध्ये ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालय सुरू झाले. त्या गायकांतले राजाभैया पूंछवाले पुढे त्याचे प्रमुख झाले. उज्जैनलाही माधव संगीत महाविद्यालय आहे, ते याच नावाचे.

पद्धत अगदी सोपी. कोमल स्वराच्या खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ. मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब. एका मात्रेत दोन-तीन स्वर आले तर त्यांच्याखाली कंस. एवढे कळले की पोराला फळ्यावरची बंदिश वाचता येते. शिवाय लक्षणगीते, म्हणजे रागाचे नियम त्या रागातच सांगणारी गाणी. क्रमिक पुस्तक मालिकेच्या सहा भागांत भातखंड्यांनी शेकडो चिजा छापून टाकल्या. जी चीज मिळवायला शिष्याची वर्षे जात, ती आता पुस्तकात होती.

यावर टीका झाली आणि ती खोटी नव्हती. मींड, गमक, गळ्यातला लगाव कागदावर कसा उतरणार? वर्गात बसून गवई होत नाही, असे जुने लोक म्हणत. खरेच आहे. पण प्रत्येक मुलाने गवईच व्हायला हवे का? शाळेत कविता शिकवतो ती काही सगळ्यांनी कवी व्हावे म्हणून नव्हे. आणि शाळेतून गवई होतच नाही असेही नाही. उज्जैनपासून जवळच्या देवासला १९४८ पासून राहिलेले कुमार गंधर्व मुंबईला प्रा. देवधरांच्या संगीत शाळेतच वाढले होते.

आता आपल्या गोव्याकडे पाहा. शाळेत मिळून गाण्याची रीत आपल्याकडे ग्वाल्हेरच्या कितीतरी आधीची. चर्चच्या पाद्रीशाळांतून मेस्त मुलांना सोल्फेज, व्हायोलिन आणि कॉयर शिकवीत. कागदावरचे सूर वाचता येणारी ही मुले पुढे मुंबईच्या सिनेमांच्या वाद्यवृंदांत जाऊन बसली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. त्यांचे वडील चर्चमध्ये गायनवृंदाचे मेस्त होते. हिंदू घरांत मात्र गाणे देवळात राहिले. ज्या कलावंत समाजाने ते पिढ्यानपिढ्या सांभाळले, त्याला मान देण्यात आपण कंजुषी केली. केसरबाई, मोगूबाई यांचा आज अभिमान मिरवतो. पण "चांगल्या घरच्या" मुलीने गायला बसणे त्याच काळात कमीपणाचे मानले जाई. शाळेने गाण्यावरचा तो डाग पुसला. तो पुसला जाताना गाण्याची प्रतिष्ठा कोणाला मिळाली आणि ज्यांच्या गळ्यातून ते आले त्यांच्या वाट्याला किती आली, हा हिशेब अजून पुरा झालेला नाही.

१९७० साली कला अकादमी आली. तिथे हिंदुस्थानी आणि पाश्चात्त्य, दोन्ही संगीत एका छपराखाली शिकवले जाऊ लागले. चांगलेच झाले. पण अकादमीत जातो तो निवडलेला मुलगा. न निवडलेल्याचे काय? त्याच्यासाठी गावची शाळाच असते. तिथेही गाणे संमेलनाच्या महिन्यापुरते आणि बक्षीस आणणाऱ्या पाच गळ्यांपुरते उरले, तर बाकीचे सगळे ओठच हलवणार.

चवथीला आमच्या घरी घुमट आरती होते. घुमट, शामेळ, कांसाळे आणि घरातली-वाड्यावरची झाडून सगळी माणसे. तिथे कोणाची परीक्षा नसते. तरीही इतकी वर्षे मी मागे उभा राहून तोंडातल्या तोंडात म्हणायचो. उज्जैनहून आल्यानंतरच्या चवथीला मी पुढे जाऊन घुमटवाल्याच्या शेजारी उभा राहिलो आणि मोठ्याने म्हटले. सूर लागला नसणारच. पण धाकट्या पुतण्याने माझ्याकडे बघून आपलाही आवाज चढवला.