दोन मैल लांबीचे चित्र

१९१३ सालची गोष्ट. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे रोजी मुंबईत, गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात लागला आणि तेथे २३ दिवस चालला. पुढे फाळके तो घेऊन सुरतेला गेले. पहिल्या दिवशी गल्ला जमला अवघा तीन रुपये! थिएटरवाल्याची तक्रार सरळ होती. येथे लोकांना दोन आण्यांत सहा तासांचे नाटक पाहायला मिळते; मग तुमच्या तासा-दीड तासाच्या खेळासाठी ते तीन आणे का मोजतील?

फाळक्यांनी खेळ लांबवला नाही की तिकीट उतरवले नाही. त्यांनी जाहिरात बदलली. ५७ हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचे चित्र आणि हे सारे केवळ तीन आण्यांत, असा तिचा आशय होता. गल्ला तीनशे रुपयांवर गेला, असे फाळक्यांविषयीच्या लेखनात नोंदलेले आहे.

चित्रपट तोच, गाव तेच, दरही तोच. मग बदलले काय? बदलले ते माप. लोक खेळ तासांत मोजत होते. फाळक्यांनी त्यांच्या हाती छायाचित्रांची संख्या आणि मैल दिले. एक छायाचित्र काढून घेणे हीदेखील तेव्हा साध्या घरात अपूर्वाईची बाब होती. तेथे ५७ हजार छायाचित्रे म्हणजे डोळे विस्फारणारच.

आता हा दावा फळ्यावर मांडून पाहू या. ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मच्या एका फुटात १६ चित्रे बसतात. ५७ हजारांना १६ ने भागले की सुमारे ३,५६० फूट येतात. एक मैल म्हणजे ५,२८० फूट. म्हणजे फिल्मची लांबी झाली सुमारे पाऊण मैल, किंबहुना त्याहूनही थोडी कमी. खरोखर दोन मैलांची फिल्म असती, तर तिच्यात जवळजवळ १ लाख ६९ हजार चित्रे असती आणि सेकंदाला १६ चित्रे या गतीने ती दाखवायला सुमारे तीन तास लागले असते. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३,७०० फूट नोंदलेली आहे. तेव्हा ५७ हजारांचा आकडा पुष्कळसा खरा आणि दोन मैलांचा मात्र फुगवलेला! गंमत अशी, की तो खोडून काढण्याचे साधन त्याच जाहिरातीत शेजारी बसले होते. फक्त कोणीतरी भागाकार करायला हवा होता.

असा गाजावाजा तेव्हाही नवा नव्हता. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंच्या हलत्या चित्रांचा पहिला खेळ झाला. त्या दिवशीच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’तील जाहिरातीने त्याला शतकातले आश्चर्य ठरवले होते. तिकीट होते एक रुपया. आठवडाभरातच हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात सुरू झाले आणि तेथे चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत दर ठेवले गेले. जाहिरात हाक मारते. पण ती हाक किती घरांपर्यंत पोहोचणार, हे तिकिटाचा दरही ठरवतो.

येथवर झाली विकणाऱ्याची बाजू. दुसरी बाजू पाहून आलेल्यांची. तिचे उत्तम उदाहरण १९७५ सालात सापडते. १५ ऑगस्टला ‘शोले’ प्रदर्शित झाला. मोठा खर्च, मोठे नट, मोठा गाजावाजा. तरीही नामांकित समीक्षकांनी त्याला बरेच फटकारले आणि सुरुवातीचे दिवस थंडच गेले. नंतर मात्र पाहून आलेले लोक दुसऱ्यांना सांगू लागले, गब्बरसिंगचे संवाद घरोघर म्हटले जाऊ लागले आणि मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात तो पाच वर्षे चालला. त्याच वर्षीचा ‘जय संतोषी माँ’ अगदी कमी खर्चाचा, फारशा जाहिरातीविना आलेला. तोही तोंडोतोंडी पसरला. पूजेचे ताट घेऊन बायका थिएटरात जात. एकात गाजावाजा होता, दुसऱ्यात नव्हता. पण दोन्ही तारले ते पाहून आलेल्यांच्या बोलण्याने.

मग लोकांचे मत हीच खरी कसोटी मानावी का? येथे थोडे थांबायला हवे. २००६ साली सॅल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. तो चित्रपटांवर नसून गाण्यांवर होता, पण प्रश्न हाच होता. सुमारे १४ हजार लोकांपुढे अपरिचित वाद्यवृंदांची ४८ गाणी ठेवली. एका गटाला फक्त नावे दिसत. बाकीच्यांचे आठ वेगळे गट केले आणि आपल्या गटात कोणते गाणे किती जणांनी उतरवून घेतले, हे त्यांना दाखवले. आठही गटांची सुरुवात शून्यापासूनच. तरी निकाल निरनिराळे लागले! स्वतंत्रपणे ऐकणाऱ्यांनी २६व्या क्रमांकावर ठेवलेले एक गाणे एका गटात पहिले आले, तर दुसऱ्या गटात ४०वे. अतिशय चांगली गाणी सहसा बुडाली नाहीत, अतिशय वाईट सहसा तरली नाहीत. मधल्यांचे मात्र काहीही होऊ शकले. सुरुवातीला योगायोगाने मिळालेली थोडीशी आघाडी पुढच्यांना ओढून घेत गेली.

म्हणजे ‘सगळे बघताहेत’ हे वाक्य काही प्रमाणात चित्रपटाविषयी बोलते आणि काही प्रमाणात फक्त गर्दीविषयी. हे दोन भाग वेगळे करता येणे, ही विज्ञानाच्या तासालाच शिकण्याची गोष्ट आहे, असे आम्हांला वाटते.

वर्गात एक साधा उपक्रम करता येईल. नवा चित्रपट येण्याआधी तो पाहावासा का वाटतो, हे प्रत्येकाने एका कागदावर लिहावे आणि प्रत्येक कारणापुढे ते कोठून आले तेही लिहावे : जाहिरात, परीक्षण, मित्र की स्वतःची आवड. पाहून आल्यावर, इतरांशी बोलण्याआधी, आपले मत लिहावे. मग दोन्ही कागद शेजारी ठेवावेत. कोणाला चूक ठरवायचे नाही. आपली इच्छा कोठून आली, एवढेच शोधायचे. आणि एखाद्या जाहिरातीत दोन आकडे शेजारी शेजारी दिसलेच, तर भागाकार जरूर करून पाहावा.