अस्तंभ्याला जाताय? रेंज असतानाच फोन तयार करा

धडगाव तालुक्यातलं अस्तंभा शिखर सुमारे 1,300 मीटर उंच आहे. धनत्रयोदशीच्या सुमाराला अश्वत्थाम्याच्या यात्रेसाठी इथे हजारो लोक येतात, तेव्हा वाट चुकायचा प्रश्न नसतो. एरवी मात्र सातपुड्यात रेंज कधी जाईल सांगता येत नाही.

जीपीएसला इंटरनेट लागत नाही. फोन उपग्रहांचे सिग्नल फक्त ऐकतो आणि आपली जागा स्वतः काढतो. नेट लागतं नकाशा उतरवायला, आणि कोणता उपग्रह कुठे आहे हे पटकन कळायला. म्हणून रेंज नसताना पहिलं लोकेशन उशिरा सापडतं. मोकळ्या जागेत काही मिनिटं थांबा.

गूगल मॅप्सचा ऑफलाइन नकाशा गाडीचा रस्ता सांगतो, पायवाटेची दिशा सांगत नाही! डोंगरासाठी ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑस्मअँड बरं. त्यांचा डेटा ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे लोकांनीच भरलेला, त्यामुळे प्रत्येक पाऊलवाट असेलच असं नाही. चढताना ट्रॅक रेकॉर्ड करा, म्हणजे त्याच रेषेवरून उतरता येतं. आणि गावातला वाटाड्या घ्याच, ॲप त्याच्यापुढे काहीच नाही.

रेंज शोधण्यात बॅटरी भराभर उतरते. एअरप्लेन मोड लावा, बहुतेक फोनमध्ये जीपीएस तरी चालू राहतं.

तुमच्या सिमला रेंज नसली तरी 112 दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून लागू शकतो. कुठलाच टॉवर नसेल तर तोही नाही. त्यामुळे कुठल्या वाटेने जाणार आणि किती वाजेपर्यंत परतणार, हे तळोद्यातूनच घरी मेसेज करा.