अक्रोडाच्या लाकडावरील हार्डवॅक्स ऑइल

हार्डवॅक्स ऑइल हे सुकणारी वनस्पतिजन्य तेले आणि कठीण मेण यांच्या मिश्रणातून तयार केलेले, लाकडावर लावण्याचे संरक्षक लेपद्रव्य आहे. फर्निचर, टेबलांचे पृष्ठभाग, जिन्याच्या पायऱ्या व लाकडी जमिनी यांसाठी ते वापरतात. अक्रोडाच्या लाकडासाठी ते विशेष पसंत केले जाते. त्यामुळे लाकडाचा तपकिरी रंग गडद होतो, रेषा उठून दिसतात आणि व्हार्निशसारखा काचेरी थर चढत नाही.

घटक आणि सुकण्याची क्रिया

या द्रव्यात जवस, सूर्यफूल, सोयाबीन यांसारखी तेले असतात. मेणांमध्ये ब्राझीलमधील एका ताडवृक्षाच्या पानांपासून मिळणारे कार्नौबा मेण प्रमुख आहे. काही उत्पादनांत कॅन्डेलिला किंवा मधमाश्यांचे मेणही असते. पातळपणासाठी टर्पेंटाइनसारखे द्रावक व सुकण्याचा वेग वाढवण्यासाठी कोबाल्ट अथवा मँगनीजची संयुगे अल्प प्रमाणात मिसळतात. जर्मनीतील ऑस्मो, ब्रिटनमधील फिडीज आणि बेल्जियममधील रुबिओ मोनोकोट ही परिचित उत्पादने होत.

येथे सुकणे म्हणजे केवळ बाष्पीभवन नव्हे. तेलातील असंतृप्त मेदाम्ले हवेतील ऑक्सिजन शोषून परस्परांशी जोडली जातात आणि द्रव तेलाचे घन पटल बनते. द्रावक उडून गेल्यावरही ही क्रिया कित्येक दिवस चालते व तीत उष्णता बाहेर पडते. अक्रोडाच्या गरापासून काढलेले तेलही याच प्रकारे सुकते; युरोपातील चित्रकार ते रंगांत मिसळत असत.

अक्रोडाचे लाकूड

सुतारकामात मुख्यतः अमेरिकेतील काळा अक्रोड (जुग्लान्स नायग्रा) आणि सामान्य अक्रोड (जुग्लान्स रेजिया) वापरले जातात. काश्मीरमधील प्रसिद्ध कोरीवकाम दुसऱ्या जातीच्या लाकडावर होते. मध्यकाष्ठ तपकिरी, तर रसकाष्ठ फिकट असते. तेल लावल्यावर दोहोंतील फरक लपत नाही. बहुतेक लाकडे काळानुसार गडद होतात, अक्रोड मात्र प्रकाशात हळूहळू फिकट होतो. हार्डवॅक्स ऑइलमुळे हे पूर्णपणे थांबत नाही.

लावण्याची पद्धत

पृष्ठभाग पॉलिश पेपरने १२० क्रमांकापासून १५० किंवा १८० पर्यंत रेषांच्या दिशेने घासतात. त्याहून फार बारीक घासल्यास लाकूड तेल कमी शोषते. आडवे कापलेले टोक मात्र जास्त तेल पिऊन काळपट दिसते, म्हणून तेवढाच भाग अधिक बारीक घासण्याची रीत आहे. धूळ रेषांमधूनही काढावी लागते.

तेल ढवळून ब्रश, पॅड किंवा कापडाने अतिशय पातळ लावतात. थर जाड झाल्यास तो दीर्घकाळ चिकट राहतो व चमकदार डाग पडतात. बहुतेक अपयशांचे कारण हेच असते. काही उत्पादनांत जादा तेल काही मिनिटांनी पूर्ण पुसून काढणे आवश्यक असते, तर काहींत पातळ थर तसाच सुकू देतात. त्यामुळे डब्यावरील सूचना पाळणे इष्ट ठरते. दोन थरांच्या उत्पादनांत दुसरा थर साधारणपणे ८ ते १२ तासांनी देतात. दमट किंवा थंड हवेत हा अवधी वाढतो. हाताला कोरडे लागले तरी पटल पूर्ण कठीण होण्यास दोन-तीन आठवडे लागू शकतात. काही दोन-घटकी उत्पादनांच्या कठीणकात आयसोसायनेट असते, म्हणून ती वापरताना हातमोजे व खेळती हवा अत्यावश्यक आहे.

चिंध्यांचा धोका

तेलाचे पटल ज्या क्रियेने घट्ट होते, तीच क्रिया तेल पुसलेल्या कापडातही घडते. सपाट पृष्ठभागावरून उष्णता हवेत निघून जाते. चुरगळलेल्या बोळ्यात मात्र ती कोंडते, तापमान वाढते, त्याने क्रियेचा वेग आणखी वाढतो आणि बाहेरून ठिणगी न लागताही कापड पेटू शकते.

फिलाडेल्फियातील ३८ मजली वन मेरिडियन प्लाझा इमारतीला २३ फेब्रुवारी १९९१ रोजी लागलेली आग हे याचे ठळक उदाहरण आहे. तेथे हार्डवॅक्स ऑइल नव्हे, तर जवसाचे तेल वापरले गेले होते, पण कारण तेच होते: लाकडी आवरणाच्या कामानंतर २२ व्या मजल्यावर राहिलेल्या तेलकट चिंध्या. आगीत तीन अग्निशामक जवानांचा मृत्यू झाला. आग अखेर ३० व्या मजल्यावर स्वयंचलित पाणफवाऱ्यांनी रोखली गेली.

म्हणून वापरलेली कापडे कचरापेटीत किंवा ढिगात टाकत नाहीत. ती उघड्यावर, न जळणाऱ्या पृष्ठभागावर एकेक पसरून ताठ होईपर्यंत सुकवतात, अथवा पाण्यात बुडवून झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवतात. तेल लावलेला पृष्ठभाग घासून निघालेला भुसा व तेलाने भिजलेली पॅड यांनाही हाच नियम लागू होतो.

देखभाल

व्हार्निश सोलून काढावे लागते, तर हार्डवॅक्स ऑइलवरचा ओरखडा अनेकदा तेवढाच भाग हलका घासून व पुन्हा तेल लावून दुरुस्त होतो. अक्रोडावर मात्र प्रकाशाने फिकट झालेल्या जुन्या भागात नवा डाग काही काळ गडद दिसतो. सांडलेले पाणी लगेच पुसतात आणि साफसफाईसाठी तीव्र अल्कधर्मी द्रव्ये टाळतात.