१२ सप्टेंबर १९७८ : आल्मा-आटाचा जाहीरनामा

आरोग्य हा प्रत्येक माणसाचा मूलभूत हक्क आहे, असे या दिवशी सोव्हिएत संघातील आल्मा-आटा येथे १३४ देशांच्या प्रतिनिधींनी जाहीर केले. प्राथमिक आरोग्यसेवा घराघरापर्यंत न्यायची, हा या जाहीरनाम्याचा गाभा. आपल्या दुष्काळी जामखेडात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासूनच हे करून दाखवले होते, हे अभिमानाने सांगावेसे वाटते. अक्षरओळखही नसलेल्या, कित्येक दलित बायका तिथे गावाच्या आरोग्यसेविका झाल्या. जुलाबाने मलूल झालेल्या लेकराला मीठ-साखरेचे पाणी चमच्या-चमच्याने पाजणे, अडल्यानडल्या बाईचे बाळंतपण स्वच्छ हातांनी करणे हे त्यांनी शिकून घेतले. १९७९ मध्ये आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.