पेन्सिलीची नोंद

किन्हवली परिसरातल्या भातखाचरांचा पीकपेरा पिढ्यान्‌पिढ्या दोन ठिकाणी असे: शेतात आणि तलाठ्याच्या दफ्तरात. शेतावर जाऊन गाव नमुना 12 भरावा हा नियम. चावडीत बसून गेल्या वर्षीचाच पेरा उतरवावा हा पुष्कळ गावांतला रिवाज! जमिनीचा हक्क बदलला की मात्र कागद सावध होई. नमुना 6 मध्ये फेरफार, संबंधितांना नोटीस, हरकत, आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित करीपर्यंत सातबाऱ्यावर नोंद पेन्सिलीने. पक्की झाली की शाई.

15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली आणि पेऱ्याची लेखणी खातेदाराच्या हाती गेली. बांधावर रेंज नसली तरी गट क्रमांक, पीक, क्षेत्र आणि अक्षांश-रेखांशासह छायाचित्र मोबाइलमध्ये साठते; रेंज मिळाली की सरकारी सर्व्हरवर चढते. मला या दोन क्षणांमधला काळ जुन्या पेन्सिलीसारखा वाटतो. फरक एवढाच, की पेन्सिलीची खूण दफ्तरात सर्वांना दिसे. ही फक्त एका खिशात असते. तेवढ्यात मोबाइल बिघडला तर नोंद गेली, आणि कापणीनंतर साक्षीला पीकही उभे नसते. आधारभूत केंद्रावर भात घालताना विचारतात तो सातबाऱ्यावरचा पेरा.