प्यूमा : नाव, भय आणि भेट

दुर्गम प्रदेशात वस्ती करणारा मनुष्य तेथील श्वापदास प्रथम नाव देतो. त्याची खरी ओळख पुष्कळदा मागाहून होते, आणि कित्येकदा होतच नाही. अमेरिका खंडातील प्यूमा या मार्जारकुलातील प्राण्याचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

‘प्यूमा’ हा शब्द मूळचा पेरूतील केचुआ भाषेचा. ब्राझीलमधील तुपी भाषिकांनी त्याच्या वर्णावरून त्यास ‘हरणासारखा’ या अर्थाचे ‘सुसुआराना’ हे नाव दिले होते. १६४८ साली प्रसिद्ध झालेल्या मार्कग्राफच्या ब्राझीलविषयक ग्रंथात ते ‘कुगुआकुआराना’ असे विकृत होऊन छापले गेले. अठराव्या शतकात फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ याने त्याचा संक्षेप केला आणि त्यातून ‘कूगर’ हा शब्द रूढ झाला. रूप विकृत झाले, तरी मूळ नामकरणामागे प्रत्यक्ष निरीक्षण होते, हे ध्यानात घेतले पाहिजे.

युरोपीय वसाहतकारांची रीत निराळी होती. चौथ्या सफरीच्या (१५०२-०४) वृत्तांतात कोलंबसाने मध्य अमेरिकेच्या किनाऱ्यावर ‘सिंह’ असल्याचे नमूद केले. पुढे इंग्रजी भाषिकांनी पूर्वेकडील अरण्यांत त्यास ‘पँथर’ म्हटले व पश्चिमेकडील डोंगराळ मुलखात ‘माउंटन लायन’. वस्तुतः या प्राण्यास आयाळ नाही, तो गर्जना करीत नाही, आणि वंशदृष्ट्या तो सिंहापेक्षा चित्त्यास अधिक जवळचा आहे. मराठी ग्रामीण बोलीतही ‘वाघ’ हा शब्द पट्टेरी वाघास आणि बिबट्यास समानच लागू होतो. परंतु तेथे दोन्ही प्राणी बोलणाऱ्याच्या परिसरातले असतात. वसाहतकाराने मात्र दूरच्या खंडातील प्राण्याचे नाव आणि त्याबरोबर त्याचे भयही आणले.

हे भय टिकण्यास प्यूमाचा स्वभावही कारण झाला. तो दबा धरून शिकार करतो, बहुधा संधिप्रकाशात वा रात्री हिंडतो आणि मनुष्यास टाळतो. एकाकी झोपडीत राहणाऱ्या मेंढपाळास तो क्वचितच दिसे. त्याच्या वाट्यास येत ती चिखलातील पावले, पालापाचोळ्याखाली झाकून ठेवलेले हरणाचे कलेवर, अथवा सकाळी मरून पडलेल्या मेंढ्या. प्राणी अदृश्य आणि हानी मात्र दृश्य, अशा स्थितीत मधली पोकळी नावाने भरून काढली. त्या गरीब कुटुंबांची हानी खरी होती, हे अर्थात नाकारता येत नाही.

पुढे या भयास कायद्याचे पाठबळ मिळाले. कॅलिफोर्निया राज्याने १९०७ पासून १९६३ पर्यंत प्यूमाच्या वधाबद्दल बक्षीस दिले आणि त्या काळात बारा हजारांहून अधिक प्यूमा मारले गेले. मिसिसिपी नदीच्या पूर्वेस तर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच, फ्लोरिडातील अल्पसंख्य प्राणी सोडता, ही जात जवळजवळ नाहीशी झाली होती.

प्रत्यक्ष ओळखीस शास्त्रीय स्वरूप आले ते १९६४ नंतर. आयडाहोच्या निर्मनुष्य पर्वतीय प्रदेशात मॉरिस हॉर्नोकर यांनी हिवाळ्यामागून हिवाळे बर्फातील माग काढला. शिकारी कुत्र्यांच्या साहाय्याने प्यूमांना झाडावर चढण्यास भाग पाडावयाचे, गुंगीचे औषध देऊन खुणा करावयाच्या आणि सोडून द्यावयाचे, अशी त्यांची पद्धत होती. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, प्यूमा आपापल्या क्षेत्रात विखुरून राहून स्वतःच्या संख्येस आळा घालतात. आणि अभ्यासाच्या काळात तेथील हरणे व एल्क त्यांच्यामुळे घटली नाहीत. एकाच प्राण्याची पुनःपुन्हा भेट झाल्यावर ‘सिंह’ मागे पडला आणि प्यूमा दिसू लागला.

कॅलिफोर्नियाने १९७२ साली प्यूमाच्या हौशी शिकारीस स्थगिती दिली व १९९० साली जनमताने त्यास विशेष संरक्षण दिले. १९९४ मध्ये त्याच राज्यात दोन स्त्रिया प्यूमाच्या हल्ल्यांत मृत्युमुखी पडल्या. असे हल्ले अत्यंत विरळ असले, तरी भय सर्वस्वी निराधार नव्हते, हे त्यावरून दिसते. तथापि हे संरक्षण शिथिल करण्याचा प्रस्ताव १९९६ साली मतदारांनी फेटाळला. या निर्णयाचे महत्त्व असे की, तो धोका अमान्य करून घेतलेला नव्हता. धोक्याचे खरे प्रमाण जाणून घेतलेला होता. ‘माउंटन लायन’ हे नाव तेथे आजही रूढ आहे. शब्द तोच राहिला. त्याच्या अर्थातून सिंह तेवढा वजा झाला.